चप्पल आपली, मग चित्रं कुणाची?

जून २०२५. मिलानमध्ये प्राडाच्या पुरुषांच्या शोमध्ये मॉडेल्स पायात चक्क कोल्हापुरी घालून चालले आणि कंपनीने त्याला नुसतं 'लेदर सँडल' म्हटलं. कोल्हापूरचं नाव नाही, महाराष्ट्राचं नाही, भारताचंसुद्धा नाही. मग काय, गाव पेटलं! आमच्या शाळेच्या ग्रुपवर दिवसाला शंभर मेसेज पडत होते. त्यातले दहा-पंधरा माझेच असतील, खोटं कशाला बोलू. पुण्यात कंपनीच्या कँटीनमध्ये बसून मी कोल्हापूरच्या अस्मितेचं रक्षण करत होतो.

राग खरा होता आणि कारणही रास्त होतं. २०१९ पासून कोल्हापुरी चपलेला जीआय आहे. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून तो हक्क आहे. महाराष्ट्र चेंबरने प्राडाला पत्र लिहिलं, प्राडाने प्रेरणा इथलीच असल्याचं मान्य केलं, जुलैमध्ये त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटून गेली आणि डिसेंबर २०२५ मध्ये लिडकॉम आणि लिडकर या दोन महामंडळांशी करारही झाला. म्हणजे भांडलं की मिळतं.

पण त्याच धामधुमीत एका शनिवारी घरी गेलो होतो. सकाळी मिसळीवर आम्ही पाचजण. विषय अर्थातच प्राडा. मी सहज विचारलं, "ऑस्कर मिळवणारी पहिली भारतीय व्यक्ती कोण?" एकजण म्हणाला रहमान. दुसरा म्हणाला सत्यजित राय. तिसऱ्याला आठवलं, "आपल्या कोल्हापूरचीच की रे ती, गांधी पिक्चरवाली. भानू... भानू कायतरी." मी म्हटलं, बरोबर. आता तिने काढलेला एक ड्रेस सांगा. फक्त एक. सगळे गप्प. मग चौथा म्हणाला, "भावा, मिसळ गार व्हायलीय."

आज जे लिहायचंय ते या गप्प बसण्याबद्दल.

भानू अथैया. माहेरचं नाव भानुमती राजोपाध्ये. जन्म कोल्हापूर, १९२९. त्याच वर्षी याच गावात प्रभात फिल्म कंपनी निघाली. वडील अण्णासाहेब राजोपाध्ये स्वतः चित्रकार, बाबूराव पेंटरांच्या चित्रपटांशी संबंध असलेले. ते लवकर गेले. मुलगी मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकली, सुवर्णपदक मिळवलं, प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या १९५३ च्या प्रदर्शनात तिची चित्रं लागली. हुसेन, रझा, गायतोंडे ही नावं आज ज्या दबक्या आवाजात घेतली जातात, त्या गोतावळ्यातली ही मुलगी.

पोटासाठी ती बायकांच्या मासिकांत फॅशनची चित्रं काढायची. आधी 'फॅशन अँड ब्यूटी', मग 'ईव्ह्ज वीकली'. म्हणजे कागदावर एक बाई, तिच्या अंगावर एक पोशाख, पदर कुठून कसा घ्यायचा, बाही किती, गळा केवढा, घोळ कुठे सुरू होतो. त्या मासिकाच्या संपादिकेने बुटिक काढलं आणि चित्रं काढणाऱ्या या मुलीलाच म्हणाली, आता शिवून दाखव. तिथे कामिनी कौशल आली, नर्गिस आली. तिथून राज कपूर. १९५५ च्या 'श्री ४२०' मध्ये क्लबातल्या गाण्यात नादिराने घातलेला तो अंगाला चिकटून खाली मोरपिसाऱ्यासारखा सुटणारा गाऊन या कोल्हापूरच्या बाईच्या पेन्सिलीतून आला. मग 'सीआयडी', 'प्यासा', 'गाइड'मधली वहिदा, 'आम्रपाली'मधली वैजयंतीमाला, पुढे 'लेकिन', 'लगान'. साधारण पन्नास वर्षांत शंभराहून जास्त चित्रपट. आणि मध्ये एप्रिल १९८३ मध्ये 'गांधी'साठी जॉन मोलो यांच्याबरोबर विभागून ऑस्कर.

आपल्याला यातलं शेवटचं वाक्य तेवढं माहीत असतं, तेही अर्धवट. ऑस्कर म्हणजे ट्रॉफी, आणि ट्रॉफीचा अभिमान बाळगायला डोकं लागत नाही. मला अभिमान वाटतो तो त्या कागदांचा. तोच मुद्दा मांडतो.

आमच्या धंद्यात दोन गोष्टी असतात. एक म्हणजे चालणारा प्रोग्रॅम, जो तुम्ही वापरता. दुसरा म्हणजे सोर्स कोड, ज्याच्यातून तो तयार होतो. प्रोग्रॅम हातात असला आणि सोर्स हरवला तर काय होतं हे कुठल्याही जुन्या बँकेतल्या माणसाला विचारा. गोष्ट चालते, पण का चालते ते कुणालाच सांगता येत नाही. दुरुस्त करता येत नाही, पुढच्या पोराला शिकवता येत नाही. पोशाखाचं तसंच आहे. पडद्यावर दिसतो तो प्रोग्रॅम. कागदावरचं रेखाटन हा सोर्स.

एक उदाहरण घ्या. 'ब्रह्मचारी', १९६८. मुमताजची ती केशरी साडी. आजही लग्नाच्या संगीतात कुणी ना कुणी तसली साडी नेसून नाचतं. ती बघताना आपल्याला मुमताज दिसते. मला आता तिच्यातला प्रॉब्लेम दिसतो. साडी हवी, कारण नायिका. ट्विस्टसारखा नाच हवा, कारण १९६८. पाच-सहा वारी साडी निऱ्या खोचून अशा नाचात एक मिनिट टिकणार नाही. मग उपाय काय? साडी अंगावरच्या मापाने शिवून टाकायची, झिप लावायची, आणि तरी ती नेसलेलीच दिसली पाहिजे. ही सजावट नव्हे मंडळी, हे इंजिनिअरिंग आहे. शिवण कुठे लपवायची, ताण कुठे येणार, बाई वाकली तर काय होणार, हे सगळं कापडाला कात्री लागायच्या आधी कुणाच्या तरी डोक्यात आणि कागदावर सुटलेलं असतं. आज दुकानात 'रेडी टू वेअर' साडी म्हणून जे विकतात, त्यातल्या किती जणांना हे नाव माहीत आहे?

'आम्रपाली'साठी त्या अजिंठ्याला जाऊन भिंतींवरची वस्त्रं बघून आल्या. अजिंठ्यात ती वस्त्रं रंगवणाऱ्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत. दीड हजार वर्षांपूर्वीचं काम, तेव्हा ठीक आहे, ते माफ. पण १९६६ च्या चित्रपटातल्या वस्त्रांबाबतीत आपण तेच करतोय, त्याला काय म्हणायचं?

आता पॅरिसला जाऊन येऊ. उगाच नाही, तुलना करायची आहे म्हणून. आणि काळही तोच.

१२ फेब्रुवारी १९४७ ला ख्रिश्चन दिओरने पहिलं कलेक्शन दाखवलं. बारीक कंबर, घेरदार स्कर्ट. युद्धानंतरची टंचाई, कापड रेशनवर, आणि हा माणूस एकेका स्कर्टला वारेमाप कापड वापरतोय म्हणून बायकांनी शिव्याही घातल्या. तो भाग सोडा. त्याची काम करायची पद्धत बघा. तो ढिगाने रेखाटनं काढायचा. ती वर्कशॉपच्या मुख्य कारागिरांकडे जायची. त्या साध्या सुती कापडात आधी नमुना बांधायच्या, मग तो बघून दुरुस्त्या, मग खरं कापड, मग ट्रायल. १९५५ मध्ये, म्हणजे 'श्री ४२०'च्याच वर्षी, त्याच्याकडे एक विशीच्या आतला पोरगा मदतनीस म्हणून लागला. इव्ह साँ लोराँ. १९५७ मध्ये दिओर गेला आणि तो पोरगा एकविसाव्या वर्षी त्या घराचा मुख्य झाला. पुढे स्वतःचं घर काढल्यावर त्याच्याकडे प्रत्येक पोशाखाचा एक कागद असायचा. वर रेखाटन, बाजूला कापडाचा तुकडा टाचलेला, कापड कुठून आणलं, कुठल्या कारागिराच्या वर्कशॉपमध्ये शिवलं, कुठल्या मॉडेलने घातलं. तो कागद फेकला नाही, हे महत्त्वाचं. २०१७ मध्ये पॅरिसला त्याच्या जुन्या वर्कशॉपच्याच इमारतीत म्युझियम उघडलं, त्यात हजारो कपडे आणि त्याहून कितीतरी जास्त रेखाटनं आहेत. दिओरचं लहानपणीचं घर ग्राँव्हिल नावाच्या समुद्रकाठच्या छोट्या गावात आहे. तिथेही १९९७ पासून म्युझियम आहे. आपल्या कोल्हापूरच्या मानाने ते गाव म्हणजे एक पेठ!

कायद्याचंही सांगतो. फ्रान्सने १२ मार्च १९५२ ला कपड्यांच्या आणि फॅशनच्या नकलेविरुद्ध वेगळा कायदा केला. कारण ते कागद म्हणजे देशाची मालमत्ता आहे हे त्यांना कळलं होतं. दिओर आमच्या भानूबाईंपेक्षा मोठा कलावंत होता का? मला नाही सांगता येणार, आणि तो प्रश्नही नाही. फरक प्रतिभेत नाही, कपाटात आहे. त्यांच्याकडे कागद ठेवायचं कपाट होतं.

आणि आपल्याकडे? २०१२ मध्ये भानू अथैयांनी आपलं ऑस्कर अमेरिकेतल्या अकादमीला परत पाठवलं. रागाने नव्हे, सांभाळायला. इथे आपल्या माघारी ते नीट राहील याची त्यांना खात्री वाटेना. तेव्हा बऱ्याच लोकांनी नाकं मुरडली. मीही तेव्हा म्हणालो होतो, हे जरा अतिच झालं. पण ही भीती अनाठायी होती का? २००४ मध्ये शांतिनिकेतनातून रवींद्रनाथांचं नोबेल पदक चोरीला गेलं, ते मूळ पदक अजून मिळालेलं नाही. अख्ख्या देशाला जे सांभाळता आलं नाही, ते एका म्हाताऱ्या बाईने मुंबईतल्या फ्लॅटमध्ये कुणाच्या भरवशावर ठेवायचं?

१५ ऑक्टोबर २०२० ला त्या गेल्या. डिसेंबरमध्ये मुंबईच्या एका लिलावगृहाने त्यांच्या संग्रहातल्या कामाचा लिलाव केला. माझी लिलावाबद्दल तक्रार नाही, घेणाऱ्यांबद्दल तर मुळीच नाही. उलट लिलावगृहाने यादी केली, फोटो काढले, वर्षं लिहिली. आपण त्यातलं काय केलं? आज मुंबईहून पाहुणा आला आणि म्हणाला, तुमच्या भानू अथैयांची रेखाटनं दाखव, तर मी त्याला कुठल्या दारात नेऊ? न्यू पॅलेसला नेऊन पेंढा भरलेले वाघ दाखवू शकतो. तलवारी, बंदुका दाखवू शकतो. रंकाळा आहे, तांबडा-पांढरा आहे. आणि बाबूराव पेंटरांबद्दल भाषण ठोकू शकतो, पण त्यांचे मूकपट दाखवू शकत नाही, कारण त्यातले बहुतेक आज उरलेलेच नाहीत. या गावाला गमावायची सवय आहे आणि त्यावर हळहळायची त्याहून जास्त.

इथे काही आक्षेप येतील ते मला माहीत आहेत.

पहिला. "नट्यांचे कपडे ते, त्याला कला काय म्हणायचं?" हे म्हणणाऱ्याने बाबूराव पेंटर आठवावेत. ते पोशाख, सेट, पोस्टर सगळं आधी स्वतः कागदावर काढायचे म्हणून तर आपण त्यांना कलामहर्षी म्हणतो. पुरुषाने काढलं की कलामहर्षी आणि बाईने काढलं की नट्यांचे कपडे? हा हिशेब मला मान्य नाही.

दुसरा. "फ्रेंचांकडे पैसा आहे." आहे. पण मी इमारत मागतच नाहीये. एक स्कॅनर, एक हार्ड डिस्क आणि यादी करायला कुणीतरी नेटका माणूस. कलानिकेतन, दळवीज अशा कलासंस्था याच गावात आहेत, शिकणारी पोरं आहेत. गावातल्या एका डिजिटल फ्लेक्सच्या आठवड्याच्या खर्चात हे सुरू होईल. (वाढदिवसाचे फ्लेक्स धरले तर एका चौकातच म्युझियम उभं राहील! :-) )

तिसरा आक्षेप जरा अवघड आहे. "म्हणजे नक्कल करूच नये का? आपल्या शिंप्यांनी सिनेमातले कपडे बघूनच शिवले." हो, आणि उत्तम केलं. मी आयुष्यभर लिनक्सवर पोट भरलेला माणूस आहे, नकलेविरुद्ध बोललो तर माझी जीभ झडेल. फुकट वाटलेल्या सॉफ्टवेअरच्या लायसन्सांत एक साधी अट बहुधा असते. घ्या, बदला, विका, पण मूळ लिहिणाऱ्याचं नाव काढू नका. जगातले निम्मे सर्व्हर त्या साध्या शिस्तीवर उभे आहेत. नक्कल हे पाप नव्हे, नाव गाळणं हे पाप आहे. आणि इथे कायदा तुम्हाला फार मदत करेल या भ्रमात राहू नका. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, ज्या डिझाइनची नोंदणी होऊ शकत होती पण केली नाही, त्याचे पन्नासाहून जास्त नग मालकाने किंवा त्याच्या परवानगीने यंत्रावर काढले की त्यावरचा कॉपीराइट संपतो. जीआय सुद्धा प्रदेशाचं नाव देतो, हात कुणाचा ते सांगत नाही. लिडकॉमने आता चपलेवर क्यूआर कोड लावून कारागिराची माहिती द्यायचं काम हाती घेतलंय, ते खरं शहाणपण. नाव टिकवायचं तर कुणीतरी बसून ते लिहावं लागतं. मोर्चाने हे होत नाही.

आता शेवटचं, आणि हे सांगताना मला लाज वाटते.

माझ्या आत्याचा राजारामपुरीत शिवणक्लास होता. तीसेक वर्षं चालवला. शुक्रवारी पिक्चर लागला की शनिवारी ती मॅटिनीला जायची, अंधारात वहीवर काहीतरी खरडायची, आणि सोमवारी क्लासमध्ये तो ब्लाउज कागदावर कापून दाखवायची. तिच्याकडे लांब पाठकोऱ्या वह्या होत्या. प्रत्येक पानावर रेखाटन, खाली मापं, कोपऱ्यात टाचणीने लावलेला कापडाचा तुकडा आणि गिऱ्हाइकाचं नाव. साँ लोराँचे ते कागद मी जेव्हा पहिल्यांदा स्क्रीनवर बघितले तेव्हा मला धस्स झालं. हे मी बघितलंय. हे आमच्या माळ्यावर होतं.

होतं. कारण २००९ मध्ये आत्या गेल्यावर घर आवरायला मी रजा काढून गेलो होतो. दोन दिवसांत सगळं उरकायचं होतं. शिलाई मशीन एका शेजारणीला दिलं. वह्या रद्दीत घातल्या. मीच उचलून दिल्या, तागडीवर वजन बघितलं, किलोचा भाव एक रुपया वाढवून घेतला आणि स्वतःवर खूश झालो. टाचण्या टोचतील म्हणून रद्दीवाल्याने कापडाचे तुकडे ओढून काढले आणि अंगणात टाकले. आईने ते संध्याकाळी झाडून काढले.

राजारामपुरीतल्या तीस वर्षांतल्या बायका काय घालत होत्या, सिनेमातलं काय उचलत होत्या, काय बदलून घेत होत्या, कुणाला बाही लांब हवी होती आणि कुणाला गळा मोठा चालत होता, याचा एवढा चोख दस्तऐवज पुन्हा कुणी तयार करणार नाही. आणि एक गोष्ट मला तेव्हाही दिसली होती, पण डोक्यात शिरली नव्हती. प्रत्येक पानावर गिऱ्हाइकाचं नाव होतं, तिचं स्वतःचं कुठेच नव्हतं. तिला ते लिहावंसं वाटलं नाही, आम्हाला सांगावंसं वाटलं नाही.

म्हणून प्राडाच्या नावाने बोंब मारताना माझा आवाज आता जरा खाली येतो. मिलानवाल्यांनी आपलं नाव गाळलं, त्यांना आपण धारेवर धरलं, छान झालं. पण परक्याने नाव लिहावं म्हणून भांडायचा हक्क त्यालाच शोभतो जो आपल्या घरात नावं लिहून ठेवतो.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. ज्यांच्याकडे अधिकार आहेत त्यांनी भानू अथैयांच्या रेखाटनांच्या निदान चांगल्या प्रती, वर्ष, चित्रपट आणि नटीच्या नावासकट कोल्हापुरात आणाव्यात. मूळ कागद कुणाकडेही असोत, प्रत मागायला कुणाची ना नसावी. चित्रकलेच्या पोरांना एक पोशाख घेऊन तो कागदावरून कापडावर पुन्हा उतरवायला लावावा, मग कळेल त्यात काय आहे. त्यांचं 'द आर्ट ऑफ कॉस्च्युम डिझाइन' हे पुस्तक २०१० मध्ये आलंय, इंग्रजीत. कोल्हापुरातल्या वाचनालयांनी एकेक प्रत तरी घ्यावी आणि कुणीतरी ते मराठीत आणावं.

आणि तुमच्या घरी शिवणारी कुणी आत्या, मावशी, आजी असेल, किंवा होती असेल, तर माळ्यावर एकदा चढा. मशीनच्या खणात बघा. वही सापडली तर मोबाइलवर फोटो काढा, आणि पहिल्या पानावर तिचं पूर्ण नाव, गाव आणि साल लिहा. पेनाने, ठळक. रद्दीचा भाव नंतर बघू.